हात धरा, विहीणबाई

"एकमेकांचे हात धरा आणि वर पोचेपर्यंत सोडू नका," असं डेलरॉयने सांगितलं, आणि मी डावीकडे पाहिलं तर शेजारी नेमक्या विहीणबाई.

आम्ही घोटाभर समुद्रात उभ्या होतो आणि पुढ्यात धबधबा होता. जमैकाच्या त्या किनाऱ्यावर एक नदी झाडीतून येते आणि पायऱ्यापायऱ्यांच्या खडकांवरून उतरत थेट समुद्रात पडते. आपल्याकडे धबधबा लांबून बघायचा, फार तर खाली उभं राहून भिजायचं. इथे लोक वाळूवरून निघतात आणि पडत्या पाण्यातून, खडकांवर पाय देत देत वर चढून जातात. आमचं जहाज सकाळी बंदराला लागलं होतं, संध्याकाळी सुटणार होतं. मधल्या वेळात करायची ही सहल. डेलरॉय आमचा वाटाड्या. चाळिशीतला, दणकट, स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसणारा. साठीच्या पुढच्या सगळ्या बायकांना तो 'मम्मी' म्हणत होता.

मी हात पुढे केला. विहीणबाईंनी तो घेतला नाही. काळा मोठा गॉगल लावून त्या सरळ समोर बघत राहिल्या. मीसुद्धा काही हात पसरून उभी राहणाऱ्यांतली नाही, घेतला मागे. शेवटी डेलरॉयनेच येऊन आमचे हात एकमेकींच्या हातात दिले, लग्नात भटजी देतात तसे.

विहीणबाई म्हणजे प्रमिला पाठारे, माझ्या जावयाच्या आई. राहणार विलेपार्ले. मी शशिकला जगदाळे, कराडची. माझी केतकी आणि त्यांचा निशांत अमेरिकेत शिकायला असताना भेटले, तिथेच त्यांचं जमलं आणि लग्न मुंबईत झालं. हळदीच्या दिवशी आमच्याकडची पाहुणेमंडळी फेटे बांधून गाड्यांतून उतरायला लागली. तेव्हा या बाई माझ्याजवळ आल्या आणि अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडची अजून किती यायची आहेत?" एवढंच. भांडण नाही, काही नाही. पण ते वाक्य मी सोन्याच्या डागासारखं जपून ठेवलं होतं. दिवाळीला फोन करायचे, संक्रांतीला करायचे, आणि प्रत्येक वेळी ते काढून एकदा पुसून परत ठेवायचे.

जहाजाची सहल मुलांनी ठरवली. फ्लोरिडातून निघायचं, कॅरिबियन बेटं बघत आठवडाभर फिरायचं, दोन्हीकडचे आईवडील बरोबर. एवढा खर्च कशाला, ते पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलावर कळलं. केतकीला दिवस गेले होते. आमच्या यजमानांनी, आनंदरावांनी, आनंदाच्या भरात उठून वाढप्याशी हस्तांदोलन केलं. मी डोळे पुसले. प्रमिलाताईंनीही पुसले, पण गॉगल न काढता, खालून रुमाल घालून.

मग केतकीने दुसरी गोष्ट सांगितली. फ्लोरिडात टँपाला त्यांचं घर, आणि ते लहान. बाळंतपणाला एका वेळी एकाच घरचं माणूस येऊन राहू शकेल. पहिले काही महिने कोण येणार, ते दोघी आयांनी मिळून ठरवावं. एवढं बोलून तिने समोरचा केक खायला घेतला. पोरगी हुशार आहे. बापावर गेली नाही.

मग सुरू झालं. मी म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, त्यात ठरवायचं काय. प्रमिलाताई म्हणाल्या, प्रथा चांगलीच आहे, पण हे कराड नाही. तिथे हॉस्पिटलात बोलावं लागतं, कागद वाचावे लागतात. मी म्हटलं, बाळाला कागद लागत नाहीत, तेल लागतं. त्यांनी मुंबईच्या डॉक्टरांची मतं सांगितली. मी आमच्या एकत्र कुटुंबातली जावेच्या पोरांसकट सगळी बाळं कुणी न्हाऊ घातली ते सांगितलं. सगळं हसतमुखाने, ताई-ताई करत. आम्हा दोघींचे नवरे मात्र पहिल्याच दिवशी गट्टी जमवून डेकवर पत्ते कुटत बसले. मधुकरराव पाठारे हा माणूस सज्जन. त्याने आनंदरावांना ब्रिज शिकवायचा प्रयत्न केला आणि शेवटी स्वतःच झब्बू खेळायला लागला.

जहाजावर त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढं वागत. एकदा सकाळी नाश्त्याला त्यांच्या बाजूला उभी राहून मी आंब्याच्या फोडींची बशी पुढे केली. त्या तशाच पुढे चालत गेल्या, मान उंच, जणू मी तिथे नव्हतेच. मी आनंदरावांना म्हटलं, बघितलंत, ओळखसुद्धा दाखवत नाहीत. ते म्हणाले, लक्ष नसेल. नवऱ्यांना नेहमी असंच वाटतं, की कुणाचं लक्ष नसेल. शिवाय बाई जिना कधी चढायच्या नाहीत, सदानकदा लिफ्ट. मी मुद्दाम त्यांच्यादेखत जिन्याने जायचे आणि वर जाऊन लिफ्टच्या दारात उभी राहायचे, धाप दाबून.

जमैका यायच्या आदल्या दिवशी धबधब्याची गोष्ट निघाली. केतकीला चढायची परवानगी नव्हती. निशांत तिच्याबरोबर कडेच्या लाकडी जिन्याने वर जाणार आणि आम्ही सगळ्यांनी तसंच जावं, असं ठरत होतं. मी म्हटलं, मी पाण्यातून चढणार. उद्या रांगत्या बाळामागे धावायचं तर पायांत दम आहे का, ते बघायला नको? हे कुणाला उद्देशून होतं ते टेबलावर सगळ्यांना कळलं. प्रमिलाताईंनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, "मीही चढणार आहे." मधुकरराव त्यांच्याकडे बघतच राहिले.

म्हणून आम्ही दोघी त्या पाण्यात. त्या रीतसर पोहण्याच्या पोशाखात, गुडघ्यापर्यंतच्या, निळ्या. मी लेकीची काळी विजार आणि वर यजमानांचा साखर कारखान्याच्या रौप्यमहोत्सवाचा टीशर्ट. दोन्ही नवरे मागे नारळाच्या झाडाखाली शहाळं घेऊन बसलेले. तिथून त्यांनी आम्हाला हात केला, परदेशी निघालेल्यांना करतात तसा.

पहिले खडक सोपे होते. पाणी गार, पण अंगाला बरं वाटणारं. मी कृष्णेत पोहायला शिकले, पाठीला सुका भोपळा बांधून. पाण्याचा जोर कुठून येतो आणि कुठे मोडतो ते पायांना आपोआप कळतं. रांगेत सगळ्यांत पुढे डेलरॉय, मग दोन-चार जण, मग मी, माझ्या मागे प्रमिलाताई, त्यांच्या मागे कॅनडाहून आलेलं एक नवं जोडपं. कडेच्या जिन्यावरून केतकी आणि निशांत आमच्याबरोबर वर सरकत होते. निशांत फोनवर चित्रीकरण करत होता.

मला मजा यायला लागली होती, पण डावा हात सारखा मागे ओढला जात होता. प्रमिलाताई प्रत्येक खडकाशी थांबत. पाय पुढे टाकत, मागे घेत, परत टाकत, चाचपत. मला वाटलं, नाजूकपणा. मी जरा जोर लावून ओढलं. खरं सांगायचं तर त्या दमतायत हे निशांतला दिसावं, असंच मला वाटत होतं.

अर्ध्या वाटेवर एक डोह लागतो. तो ओलांडला की खडक एकदम उंच होतात आणि पाणी छातीवर आदळतं. तिथे मी वर पाय ठेवला आणि हाताला हिसका बसला. प्रमिलाताईंनी पाऊल टाकलं होतं ते खडकावर नाही, खडकाच्या अलीकडे, नुसत्या फेसात. त्या गुडघ्यांवर आपटल्या. त्यांच्या मागच्या मुलीचा हात सुटला. पाणी त्यांना बाजूला लोटायला लागलं. मी वाकून त्यांचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने खडकाची कड धरली आणि असेल नसेल तेवढी ताकद लावून त्यांना कपारीत ओढून घेतलं. तिथे पाण्याचा मारा नव्हता. दोघी टेकून बसलो. गॉगल वाहून गेला होता. गुडघा खरचटला होता, पण तेवढंच.

वर निशांत हाका मारत होता. मी त्याला हाताने ठीक आहे अशी खूण केली. डेलरॉय रांग थांबवून आमच्यापर्यंत उतरला आणि म्हणाला, मम्मी, इथूनच बाहेर पडायची वाट आहे, जिन्याला लागते, लाजायचं काही नाही. मी प्रमिलाताईंना तेच म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. जहाजावर आल्यापासून त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच धड पाहत होते. ते आधी माझ्या खांद्यावरून भलतीकडे गेले आणि मग मान हलवून हलवून त्यांनी माझा चेहरा शोधून काढला.

"शशीताई, मला खालचं दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"फेसामुळे. मलाही नाही दिसत."

"फेसामुळे नाही. काचबिंदू आहे. एका छोट्या खिडकीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं. खालचं गेलं, बाजूचं गेलं. वर्ष झालं डॉक्टरांनी सांगून."

मी विचारलं, "मधुकररावांना?"

"डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब घालते, असं सांगितलंय. निशांतला काहीच माहीत नाही." त्यांनी ओल्या हाताने तोंड पुसलं. "आता तुम्हाला माहीत आहे. त्याला सांगितलंत तर बाळाजवळ मला एकटीला कुणी बसूही देणार नाही. आणि तुमचा प्रश्न सुटेल."

माझ्या डोळ्यांपुढे ती आंब्याची बशी आली. मी बाजूला उभी होते. खाली वाळूवर मी पुढे केलेला हातही बाजूनेच केला होता. जिना, लिफ्ट, उंच मान, सगळं एकामागून एक येत गेलं. पाणी एवढं कोसळत होतं आणि आमच्या त्या कपारीत मात्र एकदम शांत वाटत होतं.

"वाट कुठे आहे बाहेर पडायची?" त्यांनी विचारलं.

"डावीकडे. निशांत उभा आहे तिथेच."

"मग नको. मी वर जाते."

"जाते म्हणजे कशी?"

"ते तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "पाण्यातलं तुम्हाला कळतं. मघापासून बघते आहे, तुम्ही जिन्यावरून चालल्यासारख्या चालताय."

लग्न झाल्यापासूनच्या सहा वर्षांत त्या बाईने माझं केलेलं हे पहिलं कौतुक. तेही कुठे, तर पडत्या पाण्यात.

मी डेलरॉयला म्हटलं, आम्ही वर जाणार, पण आम्हाला रांगेच्या शेवटी टाक आणि घाई करू नकोस. त्याने आमच्या दोघींकडे पाहिलं. शिट्टी वाजवून रांग दुसऱ्या वाटाड्याच्या हवाली केली आणि स्वतः आमच्या मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, मम्मी, तुम्ही चढा. पडलात तर माझ्यावर पडाल, मी मऊ आहे.

मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि उलटी, त्यांच्याकडे तोंड करून चढायला लागले. आधी मी पायाने चाचपून बघायचं, मग त्यांना सांगायचं. सुरुवातीला मी म्हणत होते, "उजवा पाय उचला हं, थोडा अजून वर घ्या, आता अलगद टेकवा." पाण्याच्या आवाजात त्यातलं निम्मं वाहून जायचं. 'उजवा' तेवढं ऐकू यायचं. एकदा त्या तसाच पाय ठेवायला गेल्या आणि मी ओरडले, "थांब! अजून वर. गुडघ्याएवढा. हां, टेक आता."

तोंडातून गेलं ते गेलं. मुलाकडच्या विहिणीला मुलीच्या आईने अगंतुगं करायचं म्हणजे आमच्याकडे भर मांडवात परत पाठवतील. पण पाय बरोबर जागेवर पडला होता. त्या म्हणाल्या, "असंच बोल. हे ऐकू येतं."

मग मी मागेपुढे पाहिलं नाही. उजवा. टेक. डावा, जरा लांब टाक. इथे शेवाळ आहे, टाच दाबून ठेव. आता सपाट आहे, श्वास घे. त्या मान ताठ ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी सांगेन तिथे पाय ठेवत होत्या, क्षणाचाही अविश्वास नाही. स्वतःच्या पोटच्या पोरांनी माझं एवढं ऐकलेलं नाही. मध्येच एका जागी पाणी सरळ डोक्यावर पडत होतं. तिथे आम्ही दोघी अडकलो, कारण मला मागचं दिसेना आणि त्यांना खालचं. त्यांना हसू फुटलं. मग मलाही. दोन म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून धबधब्याखाली उभ्या आहेत आणि हसून हसून दोघींना हलता येत नाही, असा तो देखावा. डेलरॉयने मागून दोघींना ढकललं म्हणून निभावलं.

वर पोचलो तेव्हा रांगेतली बाकी मंडळी कधीच कोरडी झाली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. केतकी दोघींच्या गळ्यात एकदम पडली. निशांत आईचा गुडघा बघायला वाकला आणि तिला रागावायला लागला.

केतकी हसत म्हणाली, "झाली का परीक्षा? कोण पास?"

प्रमिलाताईंनी माझा हात अजून सोडला नव्हता. तो जरा घट्ट झाला एवढंच.

मी म्हटलं, "आम्ही दोघी येणार आहोत."

निशांत म्हणाला, अहो आई, पण घर लहान आहे. खोली एकच आहे.

"एका खोलीत दोन बायकांना झोपता येतं," मी म्हटलं. "बाप्ये कराडात राहतील. झब्बू खेळतील."

परतीच्या बसकडे चालताना आम्ही दोघी जरा मागे राहिलो. मी त्यांना सांगितलं, तुझं गुपित मी कुणाला सांगणार नाही, पण तू सांगायचंस, आणि बाळ यायच्या आत सांगायचंस. उगाच मी पुढाकार घेऊन मोठी होणार नाही आणि तूही अंधारात चाचपडून मोठी होऊ नकोस. त्या म्हणाल्या, "आज रात्री सांगते. तू शेजारी बस. समोर नको, शेजारी."

रात्री जेवताना त्यांनी सांगितलं. अगदी सरळ, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. मधुकररावांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. निशांत आधी चिडला, वर्षभर का लपवलंस म्हणून. मग उठून बाथरूमला जातो म्हणाला आणि लाल डोळ्यांनी परत आला. आल्यावर आईच्या बशीतल्या माशाचे काटे काढायला लागला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. "मासा मला बोटांनी कळतो," त्या म्हणाल्या. "पाठाऱ्यांची आहे मी. डोळे गेले तरी काटा लागायचा नाही." त्यावर सगळे हसले आणि टेबलावर परत जेवणाचा आवाज सुरू झाला.

बाळंतपणाच्या दोन महिने आधी आम्ही टँपाला गेलो. निशांतने तिथल्या डॉक्टरांकडून त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं टिकलं, आणि ते आजही टिकून आहे. एका खोलीत आम्ही दोघी राहिलो आणि मनसोक्त भांडलो. अळिवाच्या लाडवांत जायफळ घालायचं की नाही, पंखा कितीवर ठेवायचा, यावर रोज. एकदा मी हळदीच्या दिवसाचं ते वाक्य काढलंच. म्हटलं, तेव्हा तर डोळे चांगले होते ना तुझे? "उत्तम होते," ती म्हणाली. "तो माझा आगाऊपणा होता." अशा माणसाशी भांडण लांबवता येत नाही.

मुलगी झाली. नर्स तिला गुंडाळून बाहेर घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी बाकावर होतो. मी प्रमिलाला म्हटलं, नीट टेकून बस, हात असे कर, आणि बाळ तिच्या मांडीवर देववलं. तिने बाळ तोंडाशी आणलं आणि तिच्या त्या छोट्या खिडकीतून बघायला लागली. एकदम सगळं दिसत नव्हतं, म्हणून थोडं थोडं. आधी कपाळ. मग एक भुवई, मग दुसरी. मग मिटलेले डोळे, एकेक करून. गालावरून कानापर्यंत गेली, कानाच्या पाळीशी थांबली, तशीच परत आली. कॉरिडॉरमध्ये माणसं येत-जात होती, नर्स घड्याळाकडे बघत होती. मी म्हटलं, तिला बघू दे, आम्हाला घाई नाही.

हनुवटीपाशी पोचल्यावर ती थांबली.

"ही आमची," ती म्हणाली.

मग नजर पुन्हा थोडी वर नेली, बराच वेळ बघत राहिली आणि बाळ अलगद माझ्या हातात देत म्हणाली, "नाक तुझं आहे गं शशी. आता काही इलाज नाही."